वळिवड्याचे बालपण आणि सिनेमाचा पडदा

कोल्हापूरकडच्या माणसाला गांधीनगर म्हटले की बस्ता आठवतो. लग्न ठरले की दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून गांधीनगरला जायचे आणि कापड घेऊन यायचे, ही तिकडची रीत. आमचे मूळ गाव त्याच भागातले. वडील पोटासाठी भाईंदरला आले, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या कामाला लागले आणि मी नवघरच्या चाळीत वाढले. तरी धाकट्या आत्याच्या लग्नाचा बस्ता गांधीनगरलाच बांधला गेला. त्या कापडपेठेच्या जागी एके काळी पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसे राहत होती, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. इतिहासाच्या तासाला सरांनी महायुद्ध शिकवता शिकवता वळिवड्याचे नाव घेतले आणि मी दचकलेच. घरी येऊन आजीला विचारले, तर ती म्हणाली, "व्हय, गोरी माणसं हुती की तिथं." तिला सारे ठाऊक होते, तिला कोणी विचारलेच नव्हते.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर चाल केली. पूर्व भागातली कुटुंबेच्या कुटुंबे १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवण्यात आली. १९४१ साली हिटलर रशियावरच उलटला. मग रशिया आणि पोलंडचे परागंदा सरकार यांच्यात करार होऊन या लोकांची सुटका झाली. भुकेने आणि रोगाने कितीतरी वाटेतच गेले. उरलेल्यांपैकी हजारो १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आणि तेथून काही हिंदुस्थानात पोहोचले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी शेकडो मुलांना आसरा दिला. त्यांतली बरीचशी अनाथ होती. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. तेथे बहुतेक बायका आणि मुलेच होती. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकगृहसुद्धा! १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तिथली मुलेही येथे आली. १९४८ पर्यंत ही वसाहत मोडली आणि त्याच बराकींत फाळणीने घर हिरावलेले सिंधी निर्वासित राहायला आले. त्यांनी उभी केलेली पेठ म्हणजे आजचे गांधीनगर.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे. वळिवड्याची मुले म्हणजे हिटलरच्या मृत्युछावण्यांतून वाचलेली मुले नव्हेत. ती बहुतांशी कॅथलिक होती आणि त्यांना हद्दपार केले ते स्टालिनच्या राजवटीने. त्याच लोंढ्यात काही ज्यू मुलेही इराणात पोहोचली होती. त्यांना १९४३ च्या आरंभी कराचीमार्गे बोटीने पॅलेस्टाइनला नेण्यात आले. 'तेहरानची मुले' म्हणून ती ओळखली जातात. मागे पोलंडात राहिलेले त्यांचे बहुतेक आप्त मारले गेले. तेव्हा दोन्ही दुःखे एका मापाने मोजू नयेत असे मला वाटते. परंतु वाचलेल्या मुलाची आठवण पडद्यावर आणायची कशी, या प्रश्नाचा कस सर्वांत जास्त लागला तो ज्यूंच्या हत्याकांडावरील चित्रपटांत. म्हणून मी त्यांच्याकडे वळले. (घरात एक खोली आणि सहा माणसे, साहजिकच हे सगळे चित्रपट मी रात्री, कानात यंत्र घालून, मोबाइलवर पाहिले.)

क्लोद लांझमान यांचा 'शोआ' हा १९८५ सालचा माहितीपट सुमारे साडेनऊ तासांचा आहे. त्यात जुनी चित्रफीत नाही, नटांकडून करवून घेतलेला प्रसंग नाही. आरंभी एक माणूस नावेत बसून गात नदीवरून जातो. त्याचे नाव शिमोन स्रेब्निक. तेरा वर्षांचा असताना पोलंडमधील खेल्मनो येथील मृत्युछावणीत त्याला कामाला जुंपले होते. त्याचा गळा गोड, म्हणून जर्मन शिपाई त्याला नेर नदीवर गायला लावीत. शेवटी त्याच्या डोक्यात गोळी घातली, तरी तो जगला. लांझमान यांनी त्याला ४७ व्या वर्षी पुन्हा त्याच नदीवर नेले आणि तेच गाणे गायला लावले. लहान मुलगा पडद्यावर दिसतच नाही. दिसते ती नदी आणि एक पोक्त माणूस. मला प्रथम कंटाळा आला, हे कबूल करते. अर्ध्या तासाने मात्र ध्यानात आले की तो मुलगा मीच मनात उभा करते आहे.

इम्रे केर्तेस यांची वाट निराळी. जन्म बुडापेस्टचा, १९२९ चा. चौदाव्या वर्षी आउशविट्झ, मग बुखेनवाल्ड. त्यावर आधारलेली कादंबरी १९७५ साली आली, २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि २००५ साली लायोश कोल्ताई यांनी 'फेटलेस' हा चित्रपट काढला. पटकथा स्वतः केर्तेस यांचीच. कोल्ताई मूळचे छायालेखक. मुलगा छावणीत जसजसा खोल जातो तसतसा पडद्यावरचा रंग ओसरत जातो. पण मला त्याहून मोलाचे वाटले ते मुलाचे अज्ञान. आपल्याला, प्रेक्षकांना, त्या आगगाडीचे पुढचे ठिकाण ठाऊक असते. त्याला नसते, आणि चित्रपट आपले ज्ञान त्याच्या तोंडी घालत नाही. परत आल्यावर शेजारीपाजारी भयंकर गोष्टी ऐकायला उत्सुक असतात, तेव्हा हा पोरगा छावणीतल्या एका तऱ्हेच्या सुखाविषयी बोलू पाहतो. ऐकणाऱ्याला ते रुचत नाही. मलाही प्रथम रुचले नाही.

रोमान पोलान्स्की लहानपणी क्राकोच्या ज्यू वस्तीतून निसटले. त्यांनी स्वतःचे बालपण सरळ सांगितले नाही. २००२ च्या 'द पियानिस्ट'मध्ये श्पिलमान या प्रौढ वादकाची कथा सांगताना एके ठिकाणी त्यांनी आपली आठवण ठेवून दिली. निसटणाऱ्याला पहाऱ्यावरचा माणूस धावू नकोस एवढेच सांगतो. दुसऱ्याच्या आयुष्यात आपली एक ओळ! ही चोरी म्हणावी की दान, मला ठरवता आले नाही.

आणि आपल्याकडे? अनु राधा यांचा 'अ लिटल पोलंड इन इंडिया' हा २०१३ सालचा माहितीपट बालाचडीवर आहे. त्यात तेव्हाची मुले म्हातारी होऊन बोलतात. वळिवड्याची खूण म्हणून कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक आहे, वॉर्सातही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली. परंतु छावणीच्या दारात भाजीची पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या आमच्या माणसांनी काय पाहिले, हेही कोणी पडद्यावर आणावे असे मला फार वाटले. म्हणून मी स्वतःच उद्योग केला.

आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. आईबरोबर गवार-वांगी विकायला छावणीत जायची. एकदा तिच्याएवढ्याच एका गोऱ्या पोरीने हात पुढे करून तिच्या काकणांना हात लावला. आठवण एवढीच. मी चाळीतल्या दोन मुली घेतल्या, एकीचे केस तपकिरी रंगवले, आणि गच्चीवर पाच मिनिटांची फिल्म काढली. एवढ्याशा आठवणीत काही घडत नाही असे वाटून शेवटी दोघींची मिठी घातली आणि मागे बासरी लावली. वर्गात दाखवली तेव्हा मैत्रिणींनी डोळे पुसले. मी हवेत होते.

आजीने पाहिली आणि म्हणाली, "मिठी कुठली गं पोरी? नुसता काकणाला हात लावला तिनं. आन् मला राग आला हुता, काढून घेती का काय म्हणून."

तो राग माझ्या फिल्ममध्ये नव्हता. खरे तर सगळी आठवण त्या रागात होती. भाजीवालीच्या पोरीला काचेची चार काकणे म्हणजे काय, हे मला, स्टीलच्या गाळ्यातल्या कामगाराच्या मुलीला, कळायला हवे होते. मी मिठी कापली, मुली कापल्या, बासरी काढली. नव्या फिल्ममध्ये फक्त आजीचा सुरकुतलेला हात आहे, ती दुसऱ्या हाताने काकण फिरवते आहे आणि तिचा आवाज आहे. वर्गात ती कोणाला फारशी आवडली नाही. सर मात्र म्हणाले, "ही ठेव."

जुनी मी पुसून टाकायला हवी होती. पण आजीला त्या दोन पोरी आवडल्या. दुपारी एकटी असली की "ती नाचऱ्या पोरींची लाव" म्हणायची, आणि मी लावून द्यायचे.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू आल्या होत्या. आजी त्यांना वळिवड्याची गोष्ट सांगत होती. पाटी, गवार, गोरी पोरगी, काकणे, सारे नीट सांगितले. मी नळाचे पाणी भरत होते. मग आजी म्हणाली, "आन् तिनं मला अशी पोटाशी धरली बघा." तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी हंडा तसाच खाली ठेवला आणि काही बोलले नाही.