ब्लूजची वाट कशी धरावी?

प्रश्न : रॉबर्ट जॉन्सन ऐकून ब्लूजची गोडी लागली. आता नवे कलाकार कसे शोधू?

उत्तर : आवडत्या गायकाने कोणाकडून घेतले, ते आधी शोधा. जॉन्सनच्या मागे सन हाउस आहे. मग हॅरी स्मिथने 1952मध्ये काढलेला 84 ध्वनिमुद्रणांचा अमेरिकी लोकसंगीताचा संग्रह घ्या. त्यात मिसिसिपी जॉन हर्ट भेटेल. 1928मध्ये ध्वनिमुद्रण करून तो विस्मृतीत गेला आणि थेट 1963मध्ये पुन्हा सापडला. त्याची बोटे गिटारवर किती हळुवार फिरतात! आजच्यांत माझी पहिली पसंती रिआनन गिडन्स. तिच्या ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या चमूने जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाकडे बसून जुन्या चाली उचलल्या. त्यांचा 2010चा ‘जेन्युइन नीग्रो जिग’ अल्बम आधी ऐका, तोही सलग.