खांद्यावरील कॅमेरा व दृश्यदर्शकाची जोडणी

चित्रपटाचा कॅमेरा तिवईवर उभा असतो, तेव्हा त्याचा भार तिवई वाहते आणि छायालेखकास केवळ पाहावयाचे असते. तोच कॅमेरा खांद्यावर घेतला की भार वाहणे, तोल राखणे व पाहणे ही तिन्ही कामे एकाच देहास करावी लागतात. गर्दीतून वाट काढणारा मनुष्य किंवा अनपेक्षितपणे उसळलेला प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही. त्या क्षणी खांदा थकला अथवा डोळा चुकला, तर ते चित्र कायमचे हातचे जाते. असे होऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या एका लहानशा भागाची जोडणी कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर उमटणारे चित्र एका लहान पडद्यावर दाखवून, ते भिंगाने मोठे करून डोळ्यापुढे आणणारे उपकरण म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर. पुढील विवेचनात आपण त्यास दृश्यदर्शक म्हणू. ज्या बाहूने तो कॅमेऱ्यास जोडतात त्यास धारक, आणि डोळा ज्या ठिकाणी टेकतो त्या भागास नेत्रिका म्हणू.

पूर्वीची रचना

म्युनिकच्या आर्नोल्ड व रिश्टर या कंपनीने १९३७ साली आरिफ्लेक्स ३५ हा कॅमेरा बाजारात आणला. त्यात फिरणाऱ्या झडपेसच आरसा बसविलेला होता. झडप मिटली की भिंगातून येणारा प्रकाश फिल्मवर न पडता आरशावरून परावर्तित होऊन नेत्रिकेकडे जाई. त्यामुळे छायालेखकास प्रत्यक्ष भिंगातून दिसणारे चित्र पाहता येऊ लागले. मात्र प्रकाशाची ही वाट काच व आरसे यांनी बांधलेली असल्यामुळे नेत्रिका कॅमेऱ्यापासून वाटेल तेथे नेता येत नसे. म्हणून कॅमेऱ्याचा आकारच माणसाच्या अंगास जुळेल असा घडविणे हा एक मार्ग होता. १९७१ साली आतों ही कंपनी स्थापन करणारे फ्रेंच अभियंते झाँ-पिएर बोव्हिआला यांनी हाच मार्ग धरला. खांद्यावर मांजर विसावावी तसा कॅमेरा विसावला पाहिजे, ही त्यांची कल्पना प्रसिद्ध आहे.

डिजिटल कॅमेऱ्यात हे बंधन सुटले. चित्र तारेतून जात असल्यामुळे दृश्यदर्शक कोठेही बसविता येतो. परंतु त्याचबरोबर कॅमेऱ्याचा शरीरानुकूल आकारही गेला. २०१५ साली आलेला आरी कंपनीचा अॅलेक्सा मिनी हा कॅमेरा सुमारे २.३ किलोग्रॅम वजनाची आखूड पेटीच आहे. अशा पेटीस खांद्यायोग्य करण्याचे काम आता जोडणाऱ्याच्या हाती आले आहे.

भाराचे गणित

भिंग, विद्युत्‌घट, हातमुठी इत्यादी सर्व साहित्य जोडल्यावर कॅमेऱ्याचे वजन ८ किलोग्रॅम झाले असे समजू. त्याचा गुरुत्वमध्य खांद्याच्या ९ सेंटीमीटर पुढे आहे आणि हातमुठी खांद्याच्या ३० सेंटीमीटर पुढे आहेत. येथे खांदा हा तरफेचा टेकू होय. कॅमेरा पुढे कलू नये म्हणून हातांनी ८ × ९ ÷ ३०, म्हणजे २.४ किलोग्रॅम भार सतत उचलून धरावा लागेल. काही मिनिटांतच दंड थरथरू लागतील व ती थरथर चित्रात उतरेल.

यावर पहिला उपाय म्हणजे मागचा भार आणखी मागे नेणे. १.२ किलोग्रॅमचा विद्युत्‌घट २० सेंटीमीटर मागे सरकविल्यास गुरुत्वमध्य १.२ × २० ÷ ८, म्हणजे ३ सेंटीमीटर मागे येतो व हातांवरील भार १.६ किलोग्रॅम होतो. उरलेले ६ सेंटीमीटर कॅमेराच खांद्यावर मागे घेऊन भरून काढता येतात. परंतु कॅमेरा मागे गेला की त्यास जोडलेली नेत्रिकाही तितकीच मागे जाते आणि डोळ्यासमोर राहण्याऐवजी कानाकडे सरकते. मग छायालेखक मान मागे ओढतो, किंवा कॅमेरा पुन्हा पुढे घेऊन भार हातांवर सोसतो.

येथेच धारकाचे खरे प्रयोजन कळून येते. धारक हा केवळ दृश्यदर्शक अडकविण्याचा आकडा नव्हे. कॅमेरा जितका मागे घेतला, तितकी नेत्रिका पुढे आणून देणे हे त्याचे काम आहे. म्हणून आधी तोल साधावा व मग डोळ्याची जागा ठरवावी. हा क्रम उलटा करू नये.

जोडणीचा क्रम

प्रथम चित्रणाच्या वेळी असणारे सर्व साहित्य कॅमेऱ्यास जोडावे. तळाखाली आडवा हात धरून कॅमेरा कोठे समतोल राहतो ते पाहावे व खांद्याची गादी तेथे आणावी. नंतर कॅमेरा उजव्या खांद्यावर घेऊन, मान न वळविता समोर पाहत सहज उभे राहावे. सहाय्यकाने दृश्यदर्शक कॅमेऱ्याच्या डाव्या अंगास, उजव्या डोळ्यापर्यंत आणावा व तेथे धारक आवळावा. डोळ्याने नेत्रिकेकडे जाऊ नये, नेत्रिकेने डोळ्याकडे यावे. शेवटी नेत्रिकेचे भिंग फिरवून पडद्यावरील अक्षरे स्पष्ट दिसतील असे करावे. भिंग बदलले की गुरुत्वमध्य हलतो. यासाठी प्रत्येक भिंगाकरिता गादीची व धारकाची जागा खुणेने नोंदवून ठेवणे हितावह असते.

धारकाची दृढता

दोन हात व खांदा यांच्या जोडीला नेत्रिकेवर टेकलेला चेहरा हाही कॅमेऱ्याचा एक आधार असतो. म्हणून धारक लवता कामा नये. एका टोकास घट्ट बसविलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच भाराने तो आठपट लवतो. यावरून धारक गरजेपेक्षा लांब का ठेवू नये हे ध्यानात येईल. तसेच एकाच स्क्रूवर बसविलेला धारक त्या स्क्रूभोवती फिरू शकतो. त्यापेक्षा ६० मिलिमीटर अंतरावरील १५ मिलिमीटर जाडीच्या दोन दांड्यांवर आवळलेला क्लॅम्प, किंवा स्क्रूजवळ फिरणे रोखणाऱ्या खुंट्या असलेली बैठक अधिक विश्वसनीय असते.

दृश्यदर्शक वरखाली फिरला तरी चालतो, कारण गुडघ्यावर बसून चित्रण करताना त्याची आवश्यकता असते. मात्र तो एका कुशीवर कलता कामा नये. चौकट कललेली असल्यास छायालेखक नकळत ती सरळ करू पाहतो आणि क्षितिज वाकडे होते.

तारा, ऊन आणि विलंब

तार धारकाच्या सांध्यापाशी थोडी सैल ठेवून बांधावी, म्हणजे हिसका बसला तरी तो जोडणीपर्यंत पोहोचत नाही. दृश्यदर्शकास वीज व चित्र वेगवेगळ्या तारांनी मिळत असतील, तर जोडताना प्रथम विजेची व मग चित्राची तार जोडावी. काढताना प्रथम चित्राची व मग विजेची काढावी. हा क्रम न पाळल्यास कॅमेऱ्यातील मंडल जळण्याचा संभव असतो.

नेत्रिका कधीही सूर्याकडे तोंड करून ठेवू नये. चित्र मोठे करणारे भिंगच उन्हाचे किरण आतील पडद्यावर एकवटते व पडद्यास कायमचा डाग पडतो.

आरशातील चित्र तत्क्षणी दिसे. दृश्यदर्शकातील चित्र किंचित उशिरा दिसते. सेकंदास २४ चित्रांच्या वेगात एका चित्राचा काळ सुमारे ४२ सहस्रांश सेकंद असतो. एवढाही विलंब वेगवान हालचालीत जाणवू शकतो. म्हणून दुसरा डोळा उघडा ठेवण्याची सवय करावी. प्रसंग कोणीकडे वळत आहे आणि पायाखाली काय आहे, हे त्याच डोळ्यास आधी दिसते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ७ किलोग्रॅमच्या कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य खांद्याच्या ६ सेंटीमीटर पुढे आहे. हातमुठी २८ सेंटीमीटर पुढे असल्यास हातांवर किती भार येईल? (उत्तर: १.५ किलोग्रॅम)

२. हाच कॅमेरा खांद्यावर ६ सेंटीमीटर मागे घेतल्यास धारकात कोणता बदल करावा लागेल, आणि त्यामुळे धारकाच्या दृढतेवर काय परिणाम होईल?