स्वस्त वावर स्वस्त का आहे?

"दोन एकर वावर स्वस्तात निघालं आहे, गटातून कर्ज काढून घेऊन टाकू का?" हा प्रश्न बैठकांमध्ये वारंवार येतो. बाईच्या नावानं सातबारा असणं ही मोठी गोष्ट आहे. पीककर्ज स्वतःच्या सहीनं मिळतं, आणि उद्या घरात काही बरं-वाईट झालं तर "इथून निघ" म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. म्हणून प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण इसार देण्याआधी विचारायचं ते हे, की धुऱ्यापलीकडच्या वावराला जास्त भाव आहे, मग याला कमी का?

कारण कधी साधं असतं. मुलीचं लग्न आहे, दवाखान्याचा खर्च आहे, मालक पुण्याला राहतो. अशी स्वस्ताई चांगली. एरवी कारण पाण्यात, वाटेत नाहीतर कागदात सापडतं.

आपल्या भागात सगळ्यात फसवतं ते पाणी. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतली कितीतरी गावं पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतात. माती काळी, खोल, पाहताच मन भरेल अशी. पण खालचं पाणी खारं. विकणारा म्हणेल, "ताई, बोअर आहे, ओलीत होईल." तेच पाणी वर्षानुवर्षं दिलं तर क्षार मातीत साचतात, जमीन कडक होते, पावसाचं पाणीही नीट मुरत नाही. म्हणजे ओलिताच्या भावानं घेतलेलं वावर तुम्ही आपल्याच हातानं बिघडवता. जिभेला मचूळ लागलं नाही म्हणून निश्चिंत राहू नका. बोअरचं पाणी बाटलीत भरून आणि मातीचा नमुना घेऊन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्या.

खारपाणपट्ट्यात वावर घेऊच नये असं मी म्हणत नाही. पावसावर तूर-कपाशी आणि मागच्या ओलीवर हरभरा तिथल्या बाया पिकवतातच. शेततळ्यात पावसाचं पाणी धरता येतं, फक्त त्यात जागा किती जाईल आणि खर्च किती येईल ते आधी धरा. भाव मात्र कोरडवाहूचाच द्या.

वाटेचं पाहायचं तर वावर उन्हाळ्यात पाहू नका, आषाढात पाहा. काळ्या चिखलात बंडी फसते, सोयाबीनचं मळणीयंत्र आत जात नाही, कापूस डोक्यावर आणावा लागतो. पांदण नसेल आणि वाट दुसऱ्याच्या धुऱ्यावरून असेल तर तहसीलदाराकडे रस्ता मागता येतो, पण तोवर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं.

आता कागद. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. गावची ई-क्लास जमीन सरकारची आहे, ती कोणीही "माझा कब्जा आहे" म्हणून विकू शकत नाही. मेळघाटात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसतो. वारसांची नावंही नीट वाचा. भाऊ विकत असेल आणि बहिणींनी हक्कसोड दिला नसेल तर त्या उद्या हिस्सा मागतील, आणि त्यांचं चुकतही नाही. 100 रुपयांच्या स्टँपवर झालेली 'खरेदी' म्हणजे खरेदी नव्हे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. ज्यांच्या घरी शेतीच नाही त्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

आणि पैशाचं गणित. समजा दोन एकर 8 लाखाला ठरलं. 5 लाख घरचे, दागिन्यांचे. 3 लाख कर्ज, वर्षाला 12 टक्के व्याज, तीन वर्षांची फेड. हप्ता महिन्याला जवळजवळ 10 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 20 हजार. आता वावर काय देतं? सोयाबीन एकरी 6 क्विंटल, भाव 4500 धरला तर 27 हजार. त्यातून बी, खत, फवारणी, मजुरीचे 17 हजार काढा, राहिले 10 हजार. मागून हरभऱ्याचे तेवढेच धरले तरी दोन एकरांचे वर्षाला 40 हजार, तेही पाऊस नीट झाला तर. उरलेले 80 हजार कुठून येणार? शिलाई, बकऱ्या, मजुरी असं महिन्याचं बांधलेलं दुसरं उत्पन्न असेल तरच हप्ता निघतो. पीक वर्षातून दोनदा पैसा देतं आणि गटाचा हप्ता दर महिन्याला येतो, हे लिहून भिंतीवर लावा म्हटलं तरी चालेल. गणित जमत नसेल तर एक-दोन वर्षं तेच वावर मक्त्यानं करून पाहा. माती, पाणी, शेजारी, सगळं कळतं.

घरी नवऱ्याच्या नावानं जमीन असेल तर पहिली वाट तीच. लक्ष्मीमुक्ती योजनेत 1992 पासून नवरा अर्ज देऊन बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. त्याला कर्ज लागत नाही, लागते ती नवऱ्याची तयारी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तिच्यात 4 एकर कोरडवाहू किंवा 2 एकर ओलिताची जमीन मिळते, विधवा आणि परित्यक्ता बायांना प्राधान्य आहे. समाजकल्याण कार्यालयात विचारा. ही योजना असताना कर्ज काढून वावर घेणं मला तरी पटत नाही.

एवढं पाहून वावर घेतलंच, तर खरेदीआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून धुरे पक्के करा. खरेदीनंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून नाव वाचा. आधारवर माहेरचं, बँकेत सासरचं आणि सातबाऱ्यावर तिसरंच, असं असेल तर पीककर्जाच्या वेळी चकरा माराव्या लागतात. तिन्ही कागद घेऊन या, दुरुस्तीचा अर्ज आपण बैठकीतच भरू.