बिस्किटात कणीक किती?

“डॉक्टर, चहा बिनसाखरेचा घेतो आणि सोबत फक्त कणकेची चार बिस्किटे,” असे सांगणारे मधुमेही माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. त्यांना मी पुडा घेऊन यायला सांगतो. पुड्याच्या मागे घटक पदार्थांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. सर्वांत जास्त ते पहिले. शेजारच्या कोष्टकात १०० ग्रॅममध्ये साखर, स्निग्धांश, प्रथिने किती ते असते. प्रत्येक घटकाचे प्रमाण मात्र बहुधा नसते. (नावात किंवा चित्रात एखाद्या घटकाची जाहिरात केली असेल, तर त्याची टक्केवारी द्यावी लागते. ती असेल तर पुढचा खटाटोप नको.)

आता एक काल्पनिक पुडा घेऊ. घटक: मैदा, पामतेल, साखर, कणीक, गव्हाचा कोंडा, मीठ. १०० ग्रॅममध्ये स्निग्धांश २१ ग्रॅम, वरून घातलेली साखर १७, तंतू ५. पिठांचा थोडा स्निग्धांश वजा केला तर तेल सुमारे २०. कणीक साखरेच्या नंतर आली आहे, म्हणजे ती १७ ग्रॅमपेक्षा जास्त असूच शकत नाही! इथपर्यंत कागद-पेन्सिलही लागत नाही.

मीठ वगैरे १ ग्रॅम धरले तर मैदा, कणीक आणि कोंडा मिळून ६२ ग्रॅम उरतात. यांची विभागणी तंतूंवरून होते. मैद्यात तंतू शेकडा ३ च्या आत, कणकेत सुमारे ११, कोंड्यात ४० च्या वर. तिन्ही मिळून ५ ग्रॅम तंतू भरले पाहिजेत आणि कोंडा कणकेपेक्षा जास्त नको. या अटींत कणीक कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती बसते, अशी दोन गणिते करायची. उत्तर येते ७ ते १७ ग्रॅम. मैदा ४० ते ४८. भट्टीत उडून जाणारे पाणी मी हिशेबात धरलेले नाही, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण मैदाच जास्त, यात फरक पडत नाही.

या रीतीला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. तिचा आहाराशी संबंध जुना आहे. स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली ७७ खाद्यपदार्थांतून सर्वांत स्वस्त पोषक आहार अंदाजाने शोधला. खर्च वर्षाला ३९.९३ डॉलर. १९४७ मध्ये डँटझिग यांच्या नव्या रीतीने नऊ कारकून हेच गणित करायला बसले. १२० मनुष्यदिवस खपून उत्तर आले ३९.६९! आज संगणक हे क्षणात करतो. प्रत्येक धान्यातील पोषकांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत मिळतात.

आपल्या पुड्यातले एक बिस्किट १५ ग्रॅमचे धरले, तर चार बिस्किटांत साखर १० ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे. तेल १२ ग्रॅम. कणीक ४ ते १० ग्रॅम. बिनसाखरेच्या चहाने वाचवलेली साखर बशीतून पोटात गेली.

मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र जपून. त्यांना ज्याची काळजी असते ते पोटॅशियम पुड्यावर सहसा छापलेले नसते. घटकांच्या प्रमाणावरून त्याचा अंदाज काढता येतो, पण तोही ‘इतके ते इतके’ असाच येतो. अशा वेळी वरचा आकडा धरावा, आणि पथ्य रक्ततपासणी पाहून आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.