सैनिकाचें घर व सरकारी खर्च

सैनिकांच्या घरांकरितां सरकारनें पैसा कां खर्चावा, असा प्रश्न कित्येक सुज्ञ माणसेंही विचारतात. ज्या देशांत अनेकांच्या डोक्यावर धड छप्पर नाहीं, तेथें एका वर्गाचीच तजवीज सार्वजनिक द्रव्यांतून व्हावी काय? आक्षेप वरवर रास्त दिसतो. म्हणून त्याचा विचार पुराव्यानिशीं केला पाहिजे.

क्रिमियाचें युद्ध १८५६ सालीं संपल्यावर इंग्लंडांत लष्कराच्या आरोग्याची चौकशी झाली. सिडने हर्बर्ट हे चौकशीमंडळाचे अध्यक्ष होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं त्यास आंकडे पुरविले. १८५८ च्या अहवालावरून दिसून आलें कीं, शांततेच्या काळींही बराकींत राहणारे शिपाई त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणांत मरत होते. दाटी, कोंदट हवा व घाण हीं त्याचीं प्रमुख कारणें होतीं. विवाहित शिपायाचीं बायकामुलें पुष्कळदां त्याच बराकीच्या कोपऱ्यांत पडद्याआड दिवस कंठीत.

हिंदुस्थानांतील स्थिति याहूनही भयंकर होती. १८६३ च्या अहवालांत येथील गोऱ्या सैन्याचें मृत्युमान दर हजारीं वर्षाला ६९ असल्याचें नमूद आहे. आणि त्यांतील बहुतेक मृत्यु तोफांनीं नव्हे, तर ज्वर, हगवण व पटकी यांसारख्या रोगांनीं घडत. विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें: या मानानें एक हजारांच्या पलटणींत नवी भरती न झाल्यास दहा वर्षांनीं निम्मे लोकही उरणार नाहींत! देशी शिपायाला तर तुटपुंज्या भत्त्यांत आपली झोपडी आपणच उभारावी लागे. पुढें हवेशीर बराकी, स्वच्छ पाणी व सांडपाण्याची सोय होऊं लागली, तसें गोऱ्या सैन्याचें मृत्युमान दहाबारा वर्षांतच विशीच्या आसपास उतरलें. शिकवून तयार केलेला मनुष्य रोगानें गमावण्यापेक्षां चांगली इमारत बांधणें स्वस्त पडतें, हें यावरून उघड होतें.

परंतु केवळ काटकसरीचाच हा प्रश्न नाहीं. इतर नोकर न पटल्यास गांव बदलूं शकतो. सैनिक आज हिमप्रदेशांत, तर उद्यां वाळवंटांत, हुकमाप्रमाणें जातो. ज्याला राहण्याचें ठिकाण निवडण्याची मुभा नाहीं, त्याच्या कुटुंबाच्या निवाऱ्याची जबाबदारी हुकूम देणाऱ्यावर येते. हें उपकार नव्हेत, कर्तव्य होय. स्वतंत्र भारतानें २००२ सालीं विवाहित सैनिकांकरितां सुमारें दोन लक्ष घरें टप्प्याटप्प्यानें बांधण्याची योजना हातीं घेतली, ती याच न्यायानें योग्य ठरते.

अर्थात्, हिशेब विचारूं नये असें नाहीं. भिंतीला ओल आली व छप्पर गळूं लागलें, तर सैनिक व करदाता दोघेही फसतात. तसेंच, जी हवा, जें पाणी व जीं गटारें बराकींत प्राण वाचवितात, तींच गरिबांच्या वस्तींतही वाचवितात. सैनिकाचें घर गरिबाच्या घराच्या आड येत नाहीं. सरकारनें मनावर घेतल्यास काय होऊं शकतें, याचा तें दाखला आहे.