जोराचें औषध



दिवाळी सरली कीं बीड जिल्ह्यांतील कित्येक गांवें रिकामीं होऊं लागतात. ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. पत्र्याच्या पेटींत पीठमिठाबरोबर मागील दुखण्यांत उरलेल्या गोळ्याही बांधल्या जातात. या गोळ्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. वेष्टनावरील अक्षरें वाचून दाखविण्याचें काम पुष्कळ घरीं तुम्हांवरच येतें.

अँटिबायोटिक औषध जीवाणूंस मारतें अथवा त्यांची वाढ थांबवितें. विषाणूंवर त्याचा कांहींएक उपयोग होत नाहीं. आणि पडसें विषाणूंमुळें होतें, लहान मुलांचे जुलाबही बहुधा त्यांच्याच योगें. अशा वेळीं दिलेली गोळी रोगास शिवत नाहीं, मात्र शरीरांत वसणाऱ्या इतर जीवाणूंस शिवते. त्यांतील दुबळे मरतात. जे दाद देत नाहींत ते उरतात व त्यांचीच पैदास वाढते. पुढें खरी गरज पडली असतां तेंच औषध निकामी ठरतें, आणि हे निर्ढावलेले जंतु घरांतील दुसऱ्यासही लागतात.

पेनिसिलिनचा शोध १९२८ सालीं लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्याच मनानें पेनिसिलिन आणून अपुरें घेतो. घशांतील जंतु औषधास सरावतात. तेच पत्नीस लागून तिला न्यूमोनिया होतो, आणि पेनिसिलिन देऊनही ती दगावते. आपल्या पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. म्हणजे औषध आपल्या दारीं तयार होण्यापूर्वींच इशारा मिळालेला होता!

यांत आयाबहिणींच्या अडाणीपणास दोष देणें सोपें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. फडांत एक खाडा पडला तरी मजुरी बुडते व मुकादमाची उचल फिटावयाची राहते. मग माता दवाखान्यांत म्हणते, "साहेब, जोराचें औषध द्या, उद्यां कामावर जायचंय." बाहेर रांग लागलेली असते; समजावीत बसण्यापेक्षां गोळी लिहून देणें सोयीचें पडतें. जो डॉक्टर नीट तपासून गोळीवांचून परत पाठवितो, त्यानें फसविलें असें घरीं म्हणतात. वस्तुतः त्यानेंच अधिक श्रम घेतलेले असतात.

तेव्हां तुम्हीं सोबत असाल तर नम्रपणें विचारावें: हें अँटिबायोटिक आहे काय? आतां त्याची गरज आहे काय? किती दिवस घ्यावयाचें? सांगितलें तितकेंच दिवस घ्यावें. वेष्टनावर तांबडी उभी रेघ असल्यास तें औषध चिठ्ठीवांचून घेऊं नये.

मात्र भलत्या ठिकाणीं कंजूषीही नको. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटास ५० किंवा अधिक वेळां, अथवा एक ते पांच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक वेळां चालत असेल, तर तो न्यूमोनिया असूं शकतो. तेथें हेंच औषध प्राण वांचवितें, आणि दवाखान्यास उशीर करूं नये. शौचांतून रक्त पडत असल्यासही तसेंच. साध्या जुलाबांस ओआरएसचें पाणी, व मुलांस डॉक्टरांच्या सल्ल्यानें १४ दिवस झिंक द्यावें.

यंदा पेटी भरतांना जुन्या गोळ्या बाहेर काढाव्या व त्यांच्या जागीं ओआरएसच्या पुड्या ठेवाव्या. टोळी उतरेल त्या गांवाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र कोठें आहे, हेंही निघण्यापूर्वींच मुकादमास विचारून घ्यावें.