पाण्याच्या थेंबाचे भिंग

पहाटे शेतावर जाताना गवताच्या पात्यावर दवाचे थेंब दिसतात. रोजचेच ते. पण थेंबाच्या आतून पाते कसे दिसते, हे कधी वाकून पाहिले आहे का? थेंबाखाली पात्याची शीर जाड दिसते. तीच शीर थेंबाच्या बाहेर बारीक दिसते. शीर एकच आहे. थेंबाने ती मोठी करून दाखवली.

घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर डोळ्याला भिंग लावतो. ते भिंग मध्ये फुगीर आणि कडेला पातळ असते. पाण्याचा थेंबही तसाच फुगीर असतो. म्हणून थेंब हेही भिंगच. त्याला पैसा पडत नाही. आज हे भिंग आपण करायचे. घरातल्या पोरांना बरोबर घ्या. त्यांचे डोळे चांगले असतात, नि हातही स्थिर असतात.

एक जुनी लग्नपत्रिका घ्या. ती घरोघरी असतेच. तिची दोन बोटे रुंद पट्टी कापा. पट्टीच्या मधोमध दाभणाने एक भोक पाडा. भोक मोहरीच्या दाण्याएवढे हवे, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. कडा फाटू देऊ नका. आता भोकाभोवती दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासा. मेण नसेल तर थोडे तूप चोळा. हे विसरू नका. नाही तर कागद पाणी पितो, थेंब पसरतो आणि मुले म्हणतात, "काहीच दिसत नाही!" माझ्या वर्गात पहिल्या दिवशी निम्म्या मुलांचे असेच झाले होते.

मग काडी पाण्यात बुडवून भोकावर एक थेंब सोडा. थेंब भोकात अडकून राहतो. तो जितका गोल, तितके मोठे दिसते. चपटा झाला तर पुसून टाका आणि दुसरा घाला. भोक लहान असल्यामुळे पट्टी उभी धरली तरी थेंब पडत नाही.

पट्टी डोळ्याच्या अगदी जवळ धरा. पापणी तेवढी थेंबाला लागू देऊ नका. जी वस्तू पाहायची, ती पट्टीच्या पलीकडे अगदी जवळ आणा, एका बोटाच्या रुंदीपेक्षाही जवळ. ती किंचित पुढेमागे करा. एका जागी ती एकदम स्पष्ट दिसते. तोंड उजेडाकडे असावे. पण सूर्याकडे कधीही पाहू नका. भिंगातून ऊन डोळ्यात शिरले तर डोळा जाईल. मुलांना ही गोष्ट आधी सांगा, मग पट्टी हातात द्या.

पहिल्यांदा लुगड्याचा पदर पाहा. उभे-आडवे धागे खाटेच्या सुंभासारखे दिसतील. मग बारीक मीठ पाहा. कांद्याचा पातळ पापुद्रा पाहा, मुंगीचा पाय पाहा.

कापडाचे धागे पाहता पाहताच एका माणसाला मोठा शोध लागला. युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. तिथल्या डेल्फ्ट गावात लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. १६३२ साली तो जन्मला. त्या काळचे व्यापारी कापडाचा पोत भिंगाने पाहत. लेवेनहूक कॉलेजात गेलेला नव्हता. विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. पण त्याने काचेचे बारीक मणी घासून स्वतः भिंगे केली. ती आपल्या थेंबापेक्षा फार चांगली होती. त्यातून त्याने तळ्याचे पाणी पाहिले, तर पाण्यात जीव वळवळत होते! १६७६ साली त्याने लंडनच्या विद्वानांच्या सभेला हे लांबलचक पत्राने कळवले. ते पत्र त्याने आपल्या साध्या बोलीत लिहिले. विद्वानांना खरे वाटेना. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः भिंगातून पाहिले, तेव्हा कुठे पटले.

आता आपणही तळ्याचे पाणी पाहू. तळ्यातले किंवा डबक्यातले तांब्याभर पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडके उलटे करून बशीतल्या थोड्या पाण्यात खळबळवा. बशीत पांढरे ठिपके उड्या मारताना दिसतील. एक ठिपका थेंबासकट काचेच्या तुकड्यावर घ्या. काच उजेडाकडे धरा आणि भिंगातून पाहा. काचेच्या कडा बोथट असाव्यात.

तो ठिपका म्हणजे एक जीव आहे. पुढे रुंद, मागे निमुळता. डोक्यावर मधोमध एकच डोळा. मादी असेल तर शेपटीजवळ दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लोंबतात, गाढवावर गोण्या लादाव्यात तशा. याचे नाव सायक्लॉप्स. ग्रीक लोकांच्या गोष्टीत एका डोळ्याचा राक्षस आहे, त्याचे हे नाव.

मुलांनी हा जीव पहिल्यांदा पाहिला, तेव्हा शाळेच्या ओट्यावर एक म्हातारे आबा बसले होते. त्यांचा डावा पाय आखडलेला. तरुणपणी त्यांना नारू झाला होता. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. पायाला फोड येई. फोडातून दोन-तीन फूट लांब पांढरा किडा हळूहळू बाहेर येई. रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळावा लागे. मध्येच तुटला तर पाय सुजे, पू होई, माणूस महिनोन् महिने अंथरुणावर पडे. ऐन पेरणीत घरातला कर्ता पुरुष असा पडला म्हणजे घराचे काय होई, ते मी लहानपणी पाहिले आहे.

मी आबांच्या डोळ्याशी पट्टी धरली. म्हटले, "आबा, बघा. ह्याच्यामुळं तुमचा पाय गेला."

"ह्यो एवढासा? ह्योच नारू व्हय, गुरुजी?"

"हा नारू नव्हे, आबा. हे नारूचं घोडं. नारूची पिल्लं ह्याच्या पोटात असायची. पाण्याबरोबर तुम्ही हा गिळलात. वर्षानं नारू पायातून निघाला. तो पाय घेऊन तुम्ही बारवेत उतरलात, तेव्हा नारूनं पाण्यात हजारो पिल्लं सोडली. ती पुन्हा ह्यानं खाल्ली."

आबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पाणी गाळून प्या, आसं सांगत व्हते लोक. पर बारवंचं पाणी काचंवानी दिसायचं. कशाला गाळावं, आसं वाटायचं."

यावर मला काही बोलता आले नाही.

फडक्याची दुहेरी घडी घालून पाणी गाळले की सायक्लॉप्स वर अडकतो. नारू हटवण्यात गाळण्याचा मोठा वाटा होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरणे बंद केले, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकले. भारतातला शेवटचा नारूचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. सायक्लॉप्स मात्र तळ्यांत आजही आहे. घोडे उरले, स्वार गेला.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा धावत आला. "गुरुजी, आमच्या विहिरीचं पाणी पाहिलं. काही नाही त्यात. एकदम चांगलं!" त्याला मी लगेच थांबवले. तुम्हीही इथे सावध राहा. आपला थेंब दहा-वीस पट मोठे दाखवतो. पटकीचे म्हणजे कॉलऱ्याचे जंतू त्यात दिसत नाहीत. ते इतके लहान असतात की एका मिलिमीटरात सुमारे पाचशे जंतू ओळीने मावतील. १८८४ साली कोख नावाच्या जर्मन डॉक्टराने ते कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात शोधले. त्यासाठी त्याच्यापाशी मोठा सूक्ष्मदर्शक होता. फडक्याच्या छिद्रांतून बहुतेक जंतू सहज निसटतात. म्हणून थेंबात काही दिसले तर पाणी खराब, हे खरे. काही दिसले नाही तर पाणी चांगले, हे मात्र खरे नव्हे. पिण्याचे पाणी गाळून नंतर उकळावे, किंवा त्यात क्लोरीनचे औषध योग्य मापाने टाकावे. माप गावच्या आरोग्यसेविकेला विचारा.

घरी करून पाहा : रांजणाच्या तळाचे पाणी आणि पावसाचे नुकते धरलेले पाणी पाहा. उघड्या टाक्यातल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडतात का, तेही पाहा. जे दिसेल त्याचे चित्र वहीत काढा आणि खाली त्याचे नाव लिहा. पाहून झाल्यावर बशीतले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओता आणि हात साबणाने धुवा. भिंगाचा थेंब थोड्या वेळात आटतो. पट्टी जपून ठेवा. नवा थेंब घातला की भिंग पुन्हा तयार.